भाकर आणि रुई



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही कामगार चळवळीविषयी चार शब्द सांगावेत, अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही विषय कळविला तो कर्बोदकांचा. त्यावर चालकांपैकी एका स्नेह्यांनी विचारले, की हा विषय रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचा. तो तुमच्याकडे कसा? प्रश्न रास्त होता. आमचे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, संघटनेच्या कचेरीत आणि जाणत्या माणसांच्या ओट्यावर बसून झाले. तरीही हा विषय आम्ही पुस्तकातून उचललेला नाही. तो आम्हांस कापसाच्या जिनात भेटला, आणि गेली पस्तीस वर्षे त्याने आमची पाठ सोडलेली नाही.

१९८९-९० च्या हंगामाची गोष्ट. आमचे वय एकोणीस. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका जिनिंग कारखान्यात आम्ही हंगामी मजूर होतो. दिवाळीनंतर कापूस येऊ लागे आणि आवारात त्याचे डोंगर उभे राहत. नाकातोंडात रुईचे तंतू जात, अंगावर ती अशी चिकटे की घरी गेल्यावर धाकटी भावंडे आम्हांस म्हातारा म्हणून हसत. एके दिवशी आठवड्याची मजुरी मिळाली नाही. तिच्या पुढल्या आठवड्यातही मिळाली नाही. दुपारच्या सुट्टीत आम्ही सात-आठजण गंजीच्या सावलीला बसलो होतो. शिदोरी तिघांकडेच होती. ती सर्वांनी वाटून खाल्ली. आमच्यात एक वयस्क हमाल होते, त्यांना सारे दाजी म्हणत. त्यांनी समोरच्या ढिगाकडे पाहिले आणि म्हणाले, “येवढा ढीग हाये, पण पोटात जाईन असं येक बोंड नाही याच्यात.”

सगळे हसले. आम्हीही हसलो. पण ते वाक्य मनातून जाईना. ज्या काळ्या रानात ज्वारी होते, त्याच रानात कापूस होतो. ऊन तेच, पाऊस तोच, राबणारा माणूसही तोच. मग एक खाता येते आणि दुसरा खाता येत नाही, हे का? आम्ही हा प्रश्न आमच्या गावातल्या एका निवृत्त विज्ञानशिक्षकांस विचारला. गुरुजींनी उत्तर दिले नाही. त्यांनी भाकरीचा एक तुकडा आणि रुईचा एक पेळू दोन बशांत ठेवला, आणि जखमेवर लावावयाच्या टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब दोहोंवर टाकला. भाकर काळी-निळी झाली. रुई पिवळसर तांबडी राहिली. मग गुरुजी म्हणाले, “ही दोन्ही एकाच साखरेची बनलेली आहेत. फरक फक्त सांध्याचा आहे. तो सांधा समजला, की तुला तुझ्या दाजींचे उत्तर मिळेल.”

तो सांधा काय, आणि त्याने आपल्या वऱ्हाडाच्या इतिहासात काय केले, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

कर्बोदक हा शब्दच आपला अर्थ सांगतो: कर्ब आणि उदक. ग्लुकोज नावाच्या साध्या साखरेच्या एका कणात कर्बाचे ६, हायड्रोजनाचे १२ आणि ऑक्सिजनाचे ६ अणू असतात. म्हणजे हिशेबाने कर्बाच्या सहा अणूंस पाण्याचे सहा कण. प्रत्यक्षात त्यात पाणी म्हणून काही नसते, अणूंची जुळणी निराळी असते. पण जुन्या रसायनज्ञांनी हिशेब पाहून नाव ठेवले, ते टिकले. ही साखर हिरव्या पानात तयार होते. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, मुळांनी चढविलेले पाणी घेते, आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर त्यांची साखर करते. आपण समजतो की काळी माती पीक देते. माती पाणी, क्षार आणि आधार देते हे खरेच. परंतु ज्वारीच्या दाण्यातला आणि कापसाच्या बोंडातला कर्ब हवेतून आलेला असतो.

हुरड्याच्या दिवसांत आपण सारे रानात जातो. हुरडा गोड का लागतो? कारण पानातून आलेली साखर दाण्यात अजून पुरती गुंफली गेलेली नसते. पंधरा-वीस दिवसांनी दाणा टणक होतो आणि गोडी जाते. साखर तिथेच असते. फक्त तिच्या शेकडो-हजारो कणांची साखळी होऊन तिचे पिष्ट झालेले असते. उलट, भाकरीचा घास पुष्कळ वेळ चावला तर पुन्हा किंचित गोड लागतो, कारण लाळेतले एक द्रव्य ती साखळी तोडू लागते. म्हणजे हुरड्याची गोडी दाण्यात बंद होते आणि आपल्या तोंडात पुन्हा मोकळी होते.

हे सारे माणसाला कळले ते फार जुने नाही. १८११ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे किर्खोफ नावाच्या रसायनज्ञाने पिष्ट पाण्यात घालून त्यात थोडे गंधकाम्ल टाकले आणि ते उकळले. त्यास गोड पाक मिळाला. १८१९ मध्ये फ्रान्सात ब्राकोनो याने तागाच्या जुन्या चिंध्यांवर गंधकाम्लाचा प्रयोग केला, आणि त्यालाही साखरच मिळाली! चिंध्यांची साखर ही त्या काळी केवढी नवलाची गोष्ट असेल, याची कल्पना करावी. १८३८ मध्ये पायेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने वनस्पतींच्या भिंती ज्या पदार्थाच्या असतात तो वेगळा काढून दाखविला, आणि लवकरच त्यास सेल्युलोज हे नाव मिळाले. आपल्या रुईत नव्वद टक्क्यांहून अधिक हेच सेल्युलोज असते. पिष्ट काय आणि सेल्युलोज काय, मोडले की ग्लुकोजच हाती येते, हे यावरून ठरले.

मग भेद कोठे? ग्लुकोजचा कण बहुधा कड्याच्या आकारात असतो: पाच कर्ब आणि एक ऑक्सिजन मिळून षट्कोनी कडे, सहावा कर्ब बाहेर. या कड्याचे चित्र इंग्रज रसायनज्ञ हॅवर्थ याने रूढ केले. त्यास १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. साखळी करताना एका कड्याचा पहिला कर्ब दुसऱ्या कड्याच्या चौथ्या कर्बाशी ऑक्सिजनाच्या सांध्याने जोडला जातो. पण हा सांधा दोन तऱ्हांनी बसू शकतो. एका तऱ्हेस अल्फा म्हणतात, दुसरीस बीटा.

शाळेच्या पटांगणात मुले हात धरून रांगेत उभी आहेत असे समजा. सर्वांची तोंडे एकाच बाजूस असली आणि प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याकडे थोडे वळावयाचे ठरविले, तर रांग वाकत वाकत तिचे रिंगण होईल. पिष्टाच्या साखळीचे असेच होते: ती मळसूत्रासारखी वळत जाते, तिच्या एका वेढ्यात साधारण सहा कडी बसतात, आणि मधल्या पोकळीत आयोडीन जाऊन बसले म्हणजे तो काळा-निळा रंग दिसतो. आता मुले एकाआड एक उलट तोंडाने उभी करा. एकाचे वळण दुसरा फेडून टाकतो आणि रांग सरळच्या सरळ राहते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचे कडे असेच उलटे बसलेले असते. हजारो कड्यांच्या या सरळ साखळ्या एकमेकींस चिकटून उभ्या राहतात, आणि त्यांच्यामध्ये हायड्रोजनाचे असंख्य बारीक बंध जुळतात. एक बंध कमजोर असतो, पण सगळे मिळून रुईचा धागा पीळ सोसतो. हेच बंध पाण्याच्याही कणांस धरून ठेवतात, म्हणून सुती सदरा घाम टिपतो.

याचा आपल्या पोटाशी संबंध असा. अन्न पचविणारी द्रव्ये फार नेमकी असतात. जर्मन रसायनज्ञ एमिल फिशर याने साखरेच्या अशाच अल्फा आणि बीटा सांध्यांवर काम करताना पाहिले, की एक पाचकद्रव्य अल्फा सांधा तोडते पण बीटास स्पर्श करीत नाही, आणि दुसऱ्याचे याउलट. १८९४ मध्ये त्याने यास कुलूप आणि किल्लीची उपमा दिली. १९०२ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या लाळेत आणि आतड्यात पिष्टाच्या कुलपाची किल्ली आहे, सेल्युलोजच्या कुलपाची नाही. दाजींच्या प्रश्नाचे शास्त्राने दिलेले उत्तर ते हे.

बैलाच्या देहातही ती किल्ली नाही. पण त्याच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात, त्यांच्याजवळ ती आहे. म्हणून ज्वारीचे झाड आपल्या पूर्वजांस दुहेरी उपयोगाचे होते: दाण्यातले पिष्ट घरधन्याला, कडब्यातले सेल्युलोज बैलाला. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

कर्बोदकांचे देहातील कार्य पुष्कळांस केवळ जळणाचे वाटते. ते मुख्य आहेच. एक ग्रॅम कर्बोदक सुमारे ४ कॅलरी उष्णता देते. पण व्यवस्था किती काटेकोर आहे ते पाहा. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून चमचाभर, सुमारे ५ ग्रॅम, ग्लुकोज असते. मेंदू एकटा दिवसास सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो. तांबड्या रक्तपेशींस तर दुसरे जळण चालतच नाही. म्हणून देह यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने साखरेचा साठा करून ठेवतो. फ्रान्सच्या क्लोद बर्नार याने १८५७ मध्ये तो यकृतातून वेगळा काढून दाखविला. आपल्याकडे पूर्वी घरोघरी धान्याचे पेव असे, तसे हे देहाचे पेव. आणि जळणापलीकडेही साखरेची कामे आहेत. आईबापांकडून लेकरांस जो वारसा जातो, त्या जनुकद्रव्याच्या कण्यात एक साखर आहे. आपला रक्तगट ए की बी, हे रक्तपेशीच्या पृष्ठावरील साळखीच्या टोकास कोणती साखर आहे यावर ठरते.

परंतु हे देहाचे पेव फार लहान. यकृतातला साठा सुमारे एका दिवसाच्या उपासाने संपत येतो. मेंदू तर ग्लुकोज मागतच राहतो. तेव्हा देह स्वतःचे मांस मोडून त्याचे ग्लुकोज करू लागतो, आणि चरबी जाळू लागतो. कष्टकऱ्याच्या अंगावर चरबी बेताचीच. मग दंड, मांड्या, पाठ, म्हणजे ज्या अवयवांवर त्याची मजुरी अवलंबून, तेच झिजतात. कामगार चळवळीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे शरीरशास्त्र आम्हांस ठाऊक नाही. उपाशी माणूस आपले भांडवलच खात असतो.

आता या दोन सांध्यांची आपल्या मुलखातली कथा सांगतो.

जुन्या वऱ्हाडात ज्वारी आणि कापूस दोन्ही होते. ज्वारी पेवात जाई. कापूस चरकीवर सरकी काढून पिंजला जाई, घरोघरी सूत निघे, आणि गावचा विणकर कापड विणी. विणण्यापूर्वी ताण्याला पिठाची खळ देत, म्हणजे धागा तुटत नसे. तेव्हा पिष्ट आणि सेल्युलोज मागावर एकत्र येत. आम्ही त्या काळास सुवर्णयुग म्हणत नाही. दुष्काळ तेव्हाही पडत, आणि सरकारदरबार व सावकार तेव्हाही होते. पण कापूस हे गावातले एक पीक होते; गावाचे पोट त्याच्या बाजारभावावर टांगलेले नव्हते.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस इंग्लंडास मिळेनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. तेथील हजारो कामगार बेकार होऊन मदतीच्या सुपावर दिवस काढू लागले. इतिहासात त्यास ‘कापसाचा दुष्काळ’ असेच नाव आहे. तेथील मजुराला रुई न आल्याने उपास घडला, हे येथे मुद्दाम सांगतो; कारण पुढे वऱ्हाडच्या मजुराला रुईच्या शेजारी उभे राहून उपास घडावयाचा होता, आणि दोघांचे दुःख एकाच व्यवहाराच्या दोन टोकांचे होते.

त्या युद्धात कापसाचे भाव चढले. १८६५ मध्ये युद्ध संपताच ते कोसळले. पण वाट पडली ती पडलीच. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोचला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव अशी सुमारे १३ किलोमीटरांची शाखा झाली, आणि त्या वर्षीच्या मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावास येऊन तिचे आणि कापूसबाजाराचे उद्घाटन करून गेले. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. ते आणि जळगाव हे तालुके १९०५ मध्ये बुलढाण्यास जोडले गेले. हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयने एका तालुक्याच्या गावी यावे, यावरून आपल्या बोंडाची किंमत विलायतेस किती वाटत होती ते दिसते. गावोगावच्या बंड्या खामगावच्या वाटेला लागल्या. तेथे वाफेचे जिन आणि प्रेस आले, रुईच्या दाबून बांधलेल्या गाठी मुंबईस आणि तेथून आगबोटीत जाऊ लागल्या.

यात नुकसान झाले असे सरसकट म्हणता येणार नाही. अनेकांच्या हाती रोकड आली, खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर ही गावे भरभराटीस आली, शाळा निघाल्या, आणि आमच्यासारख्यांस जिनात काम मिळाले. पण एक गोष्ट मुळापासून बदलली. ज्या रानातली साखर पूर्वी अल्फा सांध्याने गुंफून घरी येई, ती आता अधिकाधिक बीटा सांध्याने गुंफली जाऊ लागली. ती माणसाच्या पोटात जावयाची तर आधी तिचे पैसे व्हावयास हवेत, आणि मग त्या पैशांची ज्वारी व्हावयास हवी. म्हणजे सेल्युलोजच्या कुलपाची जी किल्ली देहात नाही, ती बाजारात जाऊन बसली. शेतकऱ्यास तिचे नाव भाव, आणि मजुरास तिचे नाव मजुरी. शिवाय ज्वारी कमी म्हणजे कडबाही कमी. बैलाचाही वाटा गेला.

मजुरीने माणसाला किती साखर मिळावी, हा प्रश्न सरकारपुढे उघडपणे आला तो १८७७ मध्ये. दख्खन आणि मद्रास इलाख्यांत मोठा दुष्काळ होता. दुष्काळी कामांवरील खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांची नेमणूक झाली होती. हेच गृहस्थ पूर्वी नागपुरास मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. त्यांनी ठरविले, की खडी फोडणाऱ्या मोठ्या पुरुषास दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा पुरे. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. ज्वारीच्या हिशेबाने त्याच्या सुमारे १६०० कॅलरी होतात, आणि अर्ध्या आण्यात मीठमिरची, डाळ, सरपण, सारे भागवावयाचे. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी याविरुद्ध जोराने लिहिले. आणि मुंबई इलाख्यात काय झाले? दुष्काळी कामावरच्या हजारो उपाशी माणसांनी त्या मजुरीवर काम करण्याचे नाकारले आणि ती कामे सोडून चालती झाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांच्या पुढाकाराने, त्यांची बाजू घेतली. संघटना नाही, वर्गणी नाही, झेंडा नाही, अशा माणसांचा तो संप होता. आमच्या मते या देशातल्या कामगार चळवळीच्या इतिहासाचे पहिले पान तेथे उघडावे. त्यांना कॅलरी हा शब्द ठाऊक नव्हता. एका पौंडात पाठ सरळ राहत नाही, एवढे ठाऊक होते.

वऱ्हाड त्या दुष्काळाच्या मुख्य तडाख्यातून वाचले, आणि येथे दुष्काळ पडतच नाही अशी समजूत बळावली. १८९६-९७ मध्ये तिला पहिला धक्का बसला. १८९९ मध्ये पाऊस गेला. विक्रम संवत १९५६ म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी याचे नाव छपन्नचा दुष्काळ. ज्वारी गेली, कापूस गेला, कडबा गेला. बैल दावणीला मेले. ज्याच्या घरी पेव नव्हते आणि ज्याची मजुरी कापसावर होती, त्याची दोन्ही बाजूंनी कोंडी झाली: वेचणी नाही म्हणून पैसा नाही, आणि दाणा नाही म्हणून भाव आकाशाला भिडलेले. रेल्वेने धान्य येत होते. पण ज्याच्या हाती पैसा नाही त्याच्या दारावरून ते नुसते पुढे जात होते. उपासामागून पटकी आणि ताप आले. १८९१ च्या खानेसुमारीत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे साडेसत्तावीस लाख भरली. दहा वर्षांत ती वाढावयाची ती सुमारे दीड लाखाने घटली.

१९८१ मध्ये अमर्त्य सेन यांनी आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की दुष्काळात माणसे मरतात ती अन्न नसल्यामुळेच असे नव्हे; असलेले अन्न मिळविण्याचे साधन हातून गेल्यामुळेही मरतात. आम्ही तो विचार वाचला तेव्हा आम्हांस जिनातले दाजी आठवले.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला कागदावर तरी एक सभ्य उत्तर मिळाले. १९४८ मध्ये किमान वेतनाचा कायदा झाला. पण किमान म्हणजे किती? १९५७ मध्ये भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनात सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी मिळून एक माप मान्य केले. कमावत्या माणसाच्या कुटुंबात तीन ‘उपभोग घटक’ धरावेत. प्रत्येकी रोज २७०० कॅलरींचे अन्न धरावे. चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड धरावे. शिवाय घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वीस टक्के. अन्नाचे माप डॉक्टर वॉलेस आयक्रॉइड यांचे. हे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते आणि बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाच्या चौकशी आयोगावर त्यांनी काम केले होते. भूक त्यांनी प्रयोगशाळेत मोजली होती आणि तिने केलेला संहारही पाहिला होता.

आम्ही हे सूत्र प्रथम वाचले तेव्हा थबकलो. त्यात पहिल्या दोन गोष्टी कोणत्या? अन्न आणि कापड. अन्नाचा मोठा भाग पिष्ट, आणि कापड म्हणजे मुख्यतः सेल्युलोज! गुरुजींच्या त्या दोन बशाच जणू तिघांच्या सहीने कागदावर उतरल्या होत्या. टेंपलसाहेबांच्या पौंडापासून २७०० कॅलरींपर्यंत यावयास ८० वर्षे लागली होती. कापडाचा हिशेबही आम्ही घरी करून पाहिला. ७२ वारांची चौघांत वाटणी केली तर माणशी १८ वार येतात. आमच्या आईच्या हिशेबाने ती नऊवारी दोन लुगडी: एक अंगावर, एक वाळत. चोळीला त्यात काही उरत नाही. ते ऐकून आई म्हणाली, “दोनच? मंग हे लिहिणारानं बाईमाणसाचं इचारलंच नसन.” १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सूत्रात शिक्षण, औषधोपचार, सणवार आणि म्हातारपण यांसाठी आणखी पंचवीस टक्के धरण्यास सांगितले, तेव्हा आम्हांस आईचेच म्हणणे मान्य झाल्यासारखे वाटले.

पण सूत्र कागदावर असणे निराळे आणि ते पदरात पडणे निराळे. ज्या जिनाची गोष्ट आरंभी सांगितली तेथे आमची थकलेली मजुरी मिळावयास अखेर सर्वांनी मिळून काम थांबवावे लागले. त्या वेळी आम्ही फळ्यावर फक्त एक हिशेब मांडला होता: तिघांना २७०० म्हणजे रोज ८१०० कॅलरी; एक किलो ज्वारीत सुमारे ३५००; म्हणजे नुसत्या ज्वारीवर जगावयाचे म्हटले तरी महिन्याला सुमारे ७० किलो. बाजारातला भाव शेजारी लिहिला, आमची मजुरी त्याच्या शेजारी. भाषण करावे लागले नाही. आकडे वाचता न येणाऱ्या बायकांनीही तो हिशेब बोटांवर करून पाहिला. चौथ्या दिवशी मजुरी मिळाली.

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची मिलो आली होती आणि कामावर सुकडी मिळत होती. आम्ही तेव्हा कडेवर होतो, पण मिलोच्या भाकरीची चव आमच्या घरात अजून शिवीसारखी काढली जाते. त्याच वर्षी राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. पुढे ती मोडली. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली. २००६ मध्ये विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांना शेतकरी आत्महत्यांमुळे मदत जाहीर करावी लागली, त्यांत आपला बुलढाणा होता. बियाणे नवे, कायदे नवे, पण कापूसवाल्याची किल्ली अजून बाजाराच्याच खिशात आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब कुटुंबास माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला, त्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. मात्र ते दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम होते. ते जेवणाला हातभार आहे, जेवण नव्हे. आणि मजुरीची जागा तर ते कधीच घेऊ शकत नाही.

शेवटी दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली: पोट नुसत्या पिष्टाने भरले म्हणजे पोषण झाले असे नव्हे. डाळ, दूध, भाजीपाला, तेल यांवाचून ते माप अपुरे, आणि आज आपल्या याच गावांत एकीकडे अपुऱ्या पोषणाची लेकरे आहेत, तर दुसरीकडे बैठ्या कामाने आणि अतिसाखरेने मधुमेही झालेली माणसे आहेत. दुसरी: जे सेल्युलोज आपल्याला पचत नाही, ते निरुपयोगी नाही. कोंड्यासह दळलेल्या ज्वारीत आणि भाजीपाल्यात असलेले ते धागे आतडे साफ ठेवतात. तेव्हा भाकर सोडून मैद्याच्या मागे धावणाऱ्या शहरवासीयांनी कोंड्याचाही मान राखावा.

दाजी आता हयात नाहीत. त्यांना सांध्याची गोष्ट सांगावयाची राहून गेली, याची आम्हांस चुटपुट आहे. सांगितली असती तर ते बहुधा म्हणाले असते, की हे आम्हांला ठाऊकच होते. रुई पोटात जात नाही हे त्यांनी पाहिलेलेच होते. ती कशी पोटात जाईल, म्हणजे तिचा रास्त भाव शेतकऱ्यास आणि रास्त मजुरी वेचणारीस, उचलणाऱ्यास आणि पिळणाऱ्यास कशी मिळेल, एवढाच त्यांचा प्रश्न होता. निसर्गाने ती किल्ली आपल्या देहात ठेवली नाही. ती माणसांनी आपापसांत ठरवावयाची गोष्ट आहे, आणि १८७७ सालच्या त्या उपाशी खडी फोडणाऱ्यांपासून ती ठरविण्याचे काम चालू आहे. श्रोत्यांनी घरी गेल्यावर एक भाकरीचा तुकडा, थोडी रुई आणि आयोडीनचे दोन थेंब घेऊन तो प्रयोग आपल्या मुलांस अवश्य दाखवावा, आणि झाला की ही कथाही सांगावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.